सासू-सासऱ्यांना घोड्यांचा डिनर शो दाखवू का?

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो, सांगलीहून सासू-सासरे आलेत आणि मुलांना लिंडहर्स्टच्या मिडिव्हल टाइम्सला (जेवता जेवता घोडेस्वारांच्या लढती बघायचा, मध्ययुगीन थाटाचा शो) जायचंय, पण आईबाबा शुद्ध शाकाहारी, त्यांना जमेल का?

उत्तर: जमेल, नक्की घेऊन जा! व्हेज जेवण मिळतं, फक्त बुकिंग करतानाच सांगा आणि बसल्यावर वाढणाऱ्याला परत एकदा आठवण करा, कारण बाकी सगळ्यांना चिकन येतं आणि शेजारच्या ताटात ते दिसणारच, हे आईंना आधीच सांगून ठेवा. काटे-चमचे देत नाहीत, हातानेच खायचं, त्यात तर आपली माणसं एकदम खूश! शो साधारण दोन तासांचा. सहा नाइट, म्हणजे घोड्यावरचे सरदार-योद्धे, प्रत्येकाचा रंग वेगळा, तुम्हाला ज्या रंगाचा मुकुट मिळेल त्या नाइटसाठी ओरडायचं, मुलं तर घसा बसेपर्यंत ओरडतात. घोडे फार देखणे, भाल्यांची टक्कर अगदी समोर होते, ससाणाही उडवतात. आवाज मात्र खूप असतो, बाबांना श्रवणयंत्र असेल तर आवाज कमी करायला सांगा. घोड्यांची ॲलर्जी कोणाला असेल तर नका नेऊ. आणि जरा लवकर पोचा, आत जायला रांग असते.