ओळखीतल्या संस्थेवर विश्वस्त म्हणून बोलावलंय, हो म्हणू का? आणि गेलो तर काम नीट कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की "वर्षातून चार मीटिंगा, बाकी काही काम नाही" असं सांगून बोलावतायत. मी तालुक्याच्या गावी मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या एका ट्रस्टवर बरीच वर्षं आहे, तेवढ्यावरून सांगतो. काम नाही हे निम्मं खरंय. रोजचं काम नसतंच, पण सही असते, आणि सहीच्या आधी वाचणं असतं, आणि ते वाचणं बहुतेक विश्वस्त करत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

हो म्हणायच्या आधी ट्रस्टची घटना (म्हणजे नियमावली), परिशिष्ट १चा (म्हणजे चॅरिटी कमिशनर ऑफिस, जिथे ट्रस्ट नोंदतात, तिथल्या नोंदवहीचा) ताजा उतारा आणि गेल्या दोन-तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट मागा. "अहो आपलीच माणसं आहेत, कागद कशाला" असं उत्तर आलं तर जरा थांबा.

उतारा का, तर त्यावर विश्वस्त म्हणून कुणाची नावं आहेत ते दिसतं, आणि कित्येक ट्रस्टमध्ये त्यातली निम्मी मंडळी कधीच वारलेली असतात. आपल्याकडे महाराष्ट्रात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा आहे, त्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची लेखी माहिती, चॅरिटी कमिशनर ऑफिसला द्यायची असते. ती राहून जाते, मग पुढच्या बदलाचीही राहते, आणि एक दिवस बँक म्हणते की सह्या बदलायच्या तर चॅरिटी कमिशनर ऑफिसचा कागद आणा, तेव्हा सगळे जुन्या मृत्यूच्या दाखल्यांमागे पळतात. ज्या संस्थेचे चेंज रिपोर्ट वेळेत आहेत तिथे बाकीचा कारभारही साधारण जागेवर असतो, हा माझा अनुभव.

आता मीटिंग. अजेंडा नीट वाचा, पण खरं लक्ष शेवटच्या ओळीवर ठेवा: "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय". वार्षिक स्नेहसंमेलनाच्या तारखेवर पाऊण तास चर्चा होते आणि मग चहा आला, सगळे घड्याळं बघायला लागले की तिथे हळूच येतं की बाजूचा गाळा अमक्याला ९ वर्षांच्या कराराने द्यायचं ठरतंय, चालेल ना? सगळे माना हलवतात, कार्यवाह "सर्वानुमते मंजूर" लिहितात, झालं. खरं तर ट्रस्टची इमारत किंवा बिगरशेती जागा ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची, किंवा कुठलीही जागा विकायची, तर कलम ३६ प्रमाणे चॅरिटी कमिशनरची परवानगी आधी लागते (शेतजमिनीला ती मर्यादा १० वर्षांची आहे). अशा वेळी भांडायची गरज नसते, फक्त म्हणायचं की विषय मोठा आहे, पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर कागदांसकट घ्या. हे एक वाक्य बोलायला शिकलात तरी तुम्ही उपयोगी विश्वस्त झालात. आणि पटलं नाही तर विरोध प्रोसिडिंगमध्ये (म्हणजे मीटिंगच्या इतिवृत्तात) नावानिशी लिहायला लावा, बाहेर पार्किंगमध्ये कुजबुजून उपयोग नाही. मागच्या मीटिंगचं इतिवृत्त कायम करतानाही ऐकत बसू नका, वाचा. बोललेलं आणि लिहिलेलं यात फरक निघतो.

हिशोबात तुम्ही सीए नसलात तरी चालतं. ठेवी कुठे आहेत, कधी मुदत संपते, इमारत निधीसाठी आलेले पैसे पगाराला तर वापरले नाहीत ना, एवढं विचारा. ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सूट हवी असलेल्या देणगीदाराकडून २००० च्या वर रोख घेतली तर त्याला ती सूट मिळत नाही, हे पावती फाडणाऱ्याला माहीत आहे का तेही बघा. आणि १२ए (संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नावरची आयकर सूट) आणि ८०जीची नोंदणी २०२१ पासून मुदतीची झालीय, ती संपायच्या सहा महिने आधी अर्ज करावा लागतो, कुणाच्या तरी कॅलेंडरवर ती तारीख पाहिजे. हिशोब वारंवार सादर न करणं हे कलम ४१ड खाली विश्वस्ताला काढून टाकायचं कारण होऊ शकतं, तिथे "मला माहीतच नव्हतं" फारसं चालत नाही.

उलट बाजूही आहे. काही उत्साही विश्वस्त थेट अधीक्षिकाबाईंना फोन करून आज भाजी काय केली, अमक्या मुलीला रूम बदलून द्या असं सांगतात. नऊ विश्वस्त, नऊ मालक, त्या बाईंनी करायचं काय? सूचना असेल तर ती कार्यवाहांमार्फतच जाऊ द्या. वसतिगृहात अधूनमधून जा, मुलींबरोबर जेवा, बघा, पण आदेश देऊ नका.

भाच्याचं कोटेशन आलंय किंवा तुमच्याच दुकानातून सामान घ्यायचंय, अशा विषयात तुमचा संबंध आहे हे आधी सांगा आणि उठून बाहेर जा, आणि बाहेर गेल्याचं प्रोसिडिंगमध्ये येऊ द्या. लोक "अहो बसा हो" म्हणतील, तरी उठा.

आणि नाहीच जमलं तर राजीनामा लेखी द्या, व्हॉट्सॲपवर "मला यातून मोकळं करा" लिहून नाही. त्यावर पोच घ्या आणि चेंज रिपोर्ट दाखल झाला का याचा पाठपुरावा करा, नाहीतर परिशिष्टावर तुमचं नाव तसंच राहतं आणि कधीतरी नोटीस तुमच्या पत्त्यावर येते.