पावसाच्या नोंदी आणि नवा सायथन

प्रश्न : संपादक महोदय, सप्रेम नमस्कार. खानापूर तालुक्यातील पर्जन्यमापकांच्या नोंदी तपासण्यासाठी मी आणि बेळगावातील माझे दोन विद्यार्थी पायथनची एक छोटी लायब्ररी सांभाळतो. तिचा वेगवान भाग सायथनमध्ये, म्हणजे पायथनसारख्या कोडचे सी भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनात, लिहिलेला आहे. सायथनची ०.२९ आवृत्ती सोडून ३.० घेतल्यापासून सीच्या ‘क्यूसॉर्ट’ या क्रमवारी लावणाऱ्या फंक्शनाला दिलेले तुलनेचे फंक्शन कंपाइल होत नाही आणि समांतर लूपही फार मंदावला आहे. जुनी वागणूक परत आणणारा ‘लेगसी इम्प्लिसिट नोएक्सेप्ट’ हा निर्देश सगळ्या फायलींना लावून टाकावा का?
— एक प्राध्यापक, खानापूर

उत्तर : आपण तसे करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. ०.२९ मध्ये ‘सीडेफ’ फंक्शनात, म्हणजे सायथनच्या सी-पद्धतीच्या वेगवान फंक्शनात, एक्सेप्शन (चुकीचा संकेत) उद्भवले आणि त्याची सोय जाहीर केलेली नसली, तर पडद्यावर एक इशारा छापून फंक्शन शून्य परत करत असे आणि पुढचे काम चालू राहत असे. आपल्या कामात याचा अर्थ काय होतो, याचा विचार करावा : कणकुंबीची एखादी बिघडलेली नोंद वाचताना चूक झाली, तर ऐन जुलैत, मलप्रभेच्या उगमापाशी, तो दिवस कोरडा गेल्याचे दिसेल. जुलै २०२३ मध्ये आलेल्या ३.० पासून एक्सेप्शन आपोआप वर, म्हणजे बोलावणाऱ्या फंक्शनापर्यंत, पोहोचते, आणि नोंदी वाचणाऱ्या फंक्शनांसाठी आपल्याला नेमके हेच हवे आहे.

ज्या फंक्शनात चूक उद्भवूच शकत नाही, तेथे मात्र ‘नोएक्सेप्ट’ (एक्सेप्शन वर पाठवू नये, असे सांगणारा शब्द) लिहावे. क्यूसॉर्टचे फंक्शन सी भाषेकडून बोलावले जाते आणि सीला पायथनचे एक्सेप्शन कळत नाही, म्हणून तेथे हा शब्द अनिवार्यच आहे. ०.२९.३१ पासूनच्या जुन्या आवृत्त्याही तो स्वीकारतात, त्यामुळे काही काळ दोन्हींवर काम चालवता येईल.

लूप मंदावण्याचे कारण बहुधा ‘व्हॉइड’, म्हणजे काहीच परत न करणारी, फंक्शने हे असावे. फंक्शन ‘डबल’ (दशांश संख्या) परत करत असेल, तर उत्तर उणे एक आले तरच एक्सेप्शनची तपासणी होते. व्हॉइडला परत करण्यासारखे काहीच नसल्यामुळे प्रत्येक हाकेनंतर तपासणी करावी लागते, आणि लूप ‘नोजीआयएल’, म्हणजे एका वेळी एकाच धाग्याला पायथन चालवू देणाऱ्या कुलपाशिवाय (जीआयएल) चालणारा, असला तर तेवढ्यासाठी दर वेळी ते कुलूप घ्यावे लागते, त्यामुळे समांतर धागे एकमेकांची वाट पाहत थांबतात. अशा फंक्शनाला ‘इंट’ (पूर्णांक) परत करायला लावून चुकीची खूण म्हणून उणे एक ठरवून द्यावा. कोठे हा खर्च पडतो, ते कंपाइल करताना सायथन स्वतःच सूचना देऊन दाखवतो. त्या सूचना एकेक करून वाचाव्यात.

फायलींत भाषेची पातळी (पायथन २ चे नियम की ३ चे, हे सांगणारा निर्देश) लिहिलेली नसल्यास आणखी एक गोष्ट पाहावी. ०.२९ तेथे पायथन २ चे नियम धरत असे, ३.० पायथन ३ चे धरतो. म्हणून दोन पूर्णांकांच्या साध्या भागाकाराचे उत्तर आता दशांशात येते. मध्यक काढताना मधला क्रमांक शोधणाऱ्या ओळीत दोन तिरक्या रेघांचा (//), म्हणजे पूर्णांकात उत्तर देणारा, भागाकार वापरावा.