दहावीला साठ टक्के मिळाले आहेत. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झाल्यास पुढे काम मिळेल का, आणि लोक काय म्हणतील?

मिळेल, आणि दहावीला साठ टक्के असताना केवळ लोक काय म्हणतील म्हणून हा मार्ग टाळू नये, असे मला मनापासून वाटते. इलेक्ट्रिशियन हा दोन वर्षांचा ट्रेड, म्हणजे व्यवसाय अभ्यासक्रम, आहे. तो पूर्ण केल्यावर 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात किंवा वीज कंपनीत विद्यावेतनासह अप्रेंटिसशिप करता येते. महावितरणच्या विद्युत सहायक पदासाठीही हाच ट्रेड किंवा वायरमनचा ट्रेड लागतो.

मागणीचे मोठे कारण म्हणजे सौरऊर्जा. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक कोटी घरांवर पॅनेल बसवण्याचे उद्दिष्ट आहे, आणि छतावर चढून पॅनेलचा कोन साधणे, इन्व्हर्टर जोडणे, अर्थिंगचा खड्डा घेऊन त्याचा रोध मोजणे ही कामे माणसालाच करावी लागतात. ज्याला मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे उपकरण) लावून केबलचे इन्सुलेशन तपासता येते आणि थ्री फेज मोटरचा स्टार्टर उघडून दोष शोधता येतो, त्याला गावातही काम शोधत फिरावे लागत नाही.

शिक्षण येथेच थांबते, हा गैरसमज आहे. आयटीआयनंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि तेथून अभियांत्रिकीकडेही जाता येते. संस्था निवडताना मात्र आधी तिची कार्यशाळा पाहून यावी. यंत्रांवर धूळ साचलेली दिसली, तर दुसरी संस्था पाहावी.