अंक, आकडा आणि संख्या

प्रश्न : मी पुण्यात अभियांत्रिकीला आहे. सी भाषेची टिपणं मराठीत करतोय. 'स्ट्रिंग टू इंटिजर' या भागाला 'शब्दाचे अंकात रूपांतर' असं शीर्षक दिलं. मित्राच्या मते 'आकड्यात रूपांतर' हवं. बरोबर काय? आणि इंटिजरला 'पूर्णांक' म्हणावं की 'पूर्ण संख्या'?

उत्तर : दोन्ही शीर्षकं चूक. त्या स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकापुढे एक ठेवलेल्या चिन्हांच्या ओळीत, असतात तेच मुळी अंक. अंकाचं अंकात रूपांतर कसं करणार?

'अंक' हा शब्द हल्ली कुठेही चिकटवलेला ऐकून कान किटले आहेत. 'परीक्षेत किती अंक मिळाले?' मराठीत गुण मिळतात. 'मोबाइलचा अंक द्या.' नंबर म्हणा, क्रमांक म्हणा, पण अंक नव्हे. शून्य ते नऊ ही दहा चिन्हं म्हणजे अंक. त्या चिन्हांनी जे मोजून दाखवायचं ती संख्या. ओटीपीला आपण 'सहा अंकी' म्हणतो ते अगदी नेमकं आहे, कारण तिथे चिन्हंच मोजलेली असतात. सदाशिव पेठेचा पिनकोड ४११०३० आणि कोथरूडचा ४११०३८. दोन्ही सहा अंकी, पण त्यांची बेरीज करून कुठलीच पेठ सापडत नाही. पिनकोड ही अंकांची ओळ आहे, संख्या नाही.

तुमची सी भाषा हा भेद आपल्या वर्तमानपत्रांपेक्षा कसोशीने पाळते. (इथले अंक इंग्रजी वळणाचे समजा, ते का ते पुढे येईलच.) कळफलकावर कुणी ४२७ टंकलं तर संगणकाकडे चारशे सत्तावीस जात नाहीत. प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक नेमून देणाऱ्या आस्की कोष्टकाप्रमाणे ५२, ५०, ५५ असे तीन संकेत जातात. शून्याचा संकेत ४८. तो प्रत्येकातून वजा केला की ४, २, ७ उरतात. मग चार घ्या, दहाने गुणून दोन मिळवा, बेचाळीस. त्याला दहाने गुणून सात मिळवा, चारशे सत्तावीस. आता कुठे ती संख्या झाली. 'एटूआय' हे फंक्शन एवढंच करतं, आणि नावातच सांगतं : आस्की टू इंटिजर.

पुण्याचा एसटीडी कोड ०२०. एटूआयला दिला तर परत येतात वीस, पुढचं शून्य गळतं. 'स्ट्रटोल' या फंक्शनला पाया म्हणून शून्य देऊन, म्हणजे पद्धत तूच ओळख असं सांगून, तोच कोड वाचायला लावला, तर सुरुवातीच्या शून्यावरून ते अष्टमान (दहाऐवजी आठाच्या पटीत मोजायची) पद्धत धरतं आणि उत्तर येतं सोळा. चिन्हं तीच, संख्या दोन. अंक आणि संख्या एकच असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी देतो.

आता मित्राच्या 'आकड्या'कडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. आकडा म्हणजे अंक, आणि आकडा म्हणजे हूकसुद्धा. झाडावरची कैरी काढायला काठीला बांधतात तो आकडा. तारेवर टाकून वीज चोरतात तोही आकडाच. पिळदार मिशांना आपण आकडेबाज म्हणतो. हे दोन वेगळे शब्द असून योगायोगाने सारखे झाले, असं ठामपणे सांगणारे भाषापंडित मला भेटत असतात. त्यांनी संस्कृत कोश पुन्हा एकदा उघडावा. संस्कृतात 'अंक' म्हणजे आधी बाक, वळलेली वस्तू, आकडी. बसल्यावर शरीराला बाक येतो म्हणून मांडीही अंक. हत्तीला वळवायचा तो अंकुश. त्याच कुळातला लॅटिनमधला 'उंकुस' म्हणजे हूक, आणि ग्रीकातून इंग्रजीत गेलेला जहाजाचा अँकरही त्याच घरचा. खूण आणि संख्याचिन्ह हे अर्थही संस्कृतात याच शब्दाला आहेत. एका शब्दात दोन्ही अर्थ आधीच नांदत होते, तर मराठीत ते योगायोगाने भेटले असं म्हणायला आधार काय? जुन्या पुस्तकांत तर 'आंकडा' असं अनुस्वार देऊनच छापलेलं असे. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले, त्यात हा गेला, आणि त्याबरोबर शब्दाची ओळखही पुसली गेली.

माझं मत याहून एक पाऊल पुढे आहे. कागदावर १, ६, ७, ९ हळूहळू काढून पाहा. एकेक आकडाच आहे, कैरी ओढता येईल असा. मुलांच्या हाताला आपण 'वळण' लावतो ते अंकलिपी गिरवूनच. अंक म्हणजे वळवून काढलेली खूण, हा अर्थ आपल्या बोटांना अजून आठवतो असं मी मानतो. माझ्या एका स्नेह्यांना हे पटत नाही. आधी काठीवर खाचा पाडत, तेव्हा अंकाचा मूळ अर्थ नुसती खूण, असं ते म्हणतात. मग अंकुशात कोणती खूण आहे, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

आपले हे आकडे एटूआयला मात्र कळत नाहीत. बसच्या पाटीवर असतो तसा मराठी ४२ त्याला दिला तर उत्तर शून्य. यूटीएफ-८ या जगभरच्या लिप्यांसाठीच्या संकेतपद्धतीत देवनागरी अंक प्रत्येकी तीन बाइटचा, म्हणजे तीन संकेतांचा, असतो. त्यातला पहिलाच बाइट २२४, आणि फंक्शनला हवा ४८ ते ५७मधला. ते तिथेच थांबतं, चूक झाल्याचंही कळवत नाही. म्हणून मघाशी इंग्रजी वळणाचे समजा म्हटलं.

वाचण्याच्या दिशेबद्दलही बोलायला हवं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं, तेव्हा उलट्या क्रमाने मुलांचा गोंधळ होतो असं कारण दिलं गेलं. मला ते तेव्हाही पटलं नाही. 'सत्तावीस'मध्ये सात आधी येतो ही चूक नव्हे, ती जुनी शिस्त आहे : अंकानां वामतो गतिः, अंक डावीकडे सरकत जातात. संस्कृतात चारशे सत्तावीसला सप्तविंशत्यधिकचतुःशत म्हणतात : सात, वीस, चारशे. आता सी भाषेत उलटं काम करा, संख्येचे अंक पाडा. दहाने भागून बाकी घेत गेलात की हाती येतात सात, मग दोन, मग चार. अगदी त्याच क्रमाने. 'वीस सात'वाल्यांनी हा प्रोग्राम एकदा स्वतः लिहून पाहावा.

तेव्हा शीर्षक 'चिन्हमालेचे पूर्णांक संख्येत रूपांतर' असं करा. 'शब्द' नको, कारण स्ट्रिंगमध्ये अंक, मोकळी जागा, वजाचं चिन्ह, काहीही असू शकतं. 'पूर्ण संख्या' शून्यापासून पुढे मोजतात, आणि तुमच्या इंटिजरला उणे चारशे सत्तावीसही चालतात.