१९९९ सालच्या खेळात आज पाऊल ठेवणाऱ्यास

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पोहोचले. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा मध्ययुगातले राज्य उभारून लढण्याचा संगणकावरचा खेळ खेळायला घेऊन तीन आठवडे झाले, ओळीने नऊ सामने हरलास आणि त्यात तुझ्या खोलीतला मित्र ‘मेलेल्या गेममध्ये कशाला वेळ घालवतोस’ असे म्हणाला. म्हणून या खेळाची वस्ती खरोखर नांदती आहे, की आम्ही जुनी माणसे ओस पडलेल्या वाड्यात दिवा लावून बसलो आहोत, असे तू विचारले आहेस. प्रश्न रास्त आहे. मात्र मी या खेळाचा पक्षपाती आहे, तेव्हा माझ्या बोलण्यातून तेवढी वजावट तूच करून घे.

तुझ्या मित्राने बहुधा स्टीमवरचा, म्हणजे संगणकी खेळांच्या त्या ऑनलाइन दुकानावरचा, खेळाडूंचा आकडा पाहिला असावा आणि तो एखाद्या नव्या गाजत्या खेळाच्या आकड्याशी ताडून पाहिला असावा. तो आकडा खोटा नसतो, पण तो काय मोजतो हे पाहावे लागते. ‘टीम फोर्ट्रेस २’ हा २००७ सालचा खेळ घे. २०२० नंतर त्याच्या सार्वजनिक सामन्यांत आपोआप नेम धरून मारणारे बॉट, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रॅमने चालवलेले खेळाडू, इतके शिरले की माणसांना खेळणे नकोसे झाले. मे २०२२ मध्ये आणि पुन्हा जून २०२४ मध्ये खेळाडूंना एकजुटीने कंपनीकडे दाद मागावी लागली, तेव्हा कुठे बॉटांवर मोठी कारवाई झाली. त्या सगळ्या काळात स्टीमवरचा आकडा भरघोस दिसत होता, कारण त्यात बॉटही मोजले जात होते आणि खेळातल्या वस्तू मिळाव्यात म्हणून खेळ नुसता उघडा ठेवणारेही. आपल्या खेळाचे उलट आहे. तो मायक्रोसॉफ्टच्या दुकानातून आणि गेम पास या तिच्या वर्गणीच्या योजनेतूनही खेळला जातो आणि ती माणसे स्टीमच्या मोजणीत येतच नाहीत. शिवाय जे मोजले जातात त्यांतले कितीतरी जण एकट्याने मोहिमा खेळत असतात, म्हणजे तुझ्यासमोर ते कधीच येणार नाहीत. गर्दीचा आकडा असा दोन्ही बाजूंनी फसवतो.

मी वस्तीचा जिवंतपणा सर्वांत खालच्या पायरीवर पाहतो. जुना खेळ मरतो तो खालून. नवी माणसे यायची थांबतात, उरलेले सगळे वर्षानुवर्षे मुरलेले असतात, आणि चुकून एखादा नवखा आलाच तर त्याला रोज वीस मिनिटांत चारीमुंड्या चीत व्हावे लागते, म्हणून तोही दोन दिवसांत निघून जातो. याचे गणित सरळ आहे. बुद्धिबळाकडून घेतलेल्या एलो गुणांकनात दोन खेळाडूंमध्ये चारशे गुणांचे अंतर असेल, तर वरचा दहा वेळा जिंकतो तेव्हा खालचा एकदा जिंकतो. रांगेत माणसे भरपूर असली की संगणक तुझ्या बरोबरीचा प्रतिस्पर्धी शोधून देतो. माणसे कमी झाली की तो जाळे रुंद करत जातो आणि त्या जाळ्यात पहिला सापडतो तो नवखा. वरच्या पाच-पन्नास जणांना याची झळ लागत नाही, म्हणून त्यांना आपली वस्ती शेवटपर्यंत गजबजलेलीच वाटते.

तुझे नऊ पराभव याच हिशेबाने वाच. नव्या खेळाडूला सुरुवातीला हजाराच्या आसपास गुण मिळतात आणि हजार म्हणजे साधारण मधल्या फळीचा खेळाडू, ज्याला मेंढ्या संपण्यापूर्वी रानडुक्कर टाउन सेंटरपाशी, म्हणजे आपल्या गावाच्या मुख्य इमारतीपाशी, ओढून आणणे हातच्या मळासारखे जमते. तुला तिथून घसरत आपल्या जागी पोचायचे आहे. मला विचारायचे आहे ते वेगळेच. दहाव्या, बाराव्या सामन्यात तुझ्यासारखाच चाचपडणारा कुणी भेटला का? संध्याकाळी रांगेत किती मिनिटे थांबावे लागले? याची उत्तरे तुझ्या मित्राच्या आकड्यापेक्षा खरी असतील. माझ्या ओळखीतल्या तीन नवख्यांना बरोबरीचे प्रतिस्पर्धी मिळाले आणि फार थांबावे लागले नाही, म्हणून मी या वस्तीला नांदती म्हणतो.

ती नेहमीच तशी नव्हती, आणि त्यात माझाही थोडा दोष आहे. आम्ही हा खेळ पुण्यातल्या एका सायबर कॅफेत, आठ संगणकांच्या लॅनवर शिकलो, आणि पुढे इंटरनेटवर गेलो तेव्हा सामने लॉबीतून, म्हणजे खेळाडू जमण्याच्या ऑनलाइन खोलीतून, ठरत. लॉबी उघडणारा येणाऱ्याचे गुण पाही आणि कमी असतील तर एक शब्दही न बोलता त्याला बाहेर काढी. मीही असे कितीतरी जणांना काढले आहे. त्या पोरांपैकी किती पुन्हा आले असतील, हा विचार तेव्हा शिवला नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात खेळाची डेफिनिटिव्ह एडिशन ही नवी आवृत्ती आली आणि तिने आपोआप बरोबरीची जोडी जुळवणारी रांग आणली. तिच्यातले ‘आर्ट ऑफ वॉर’चे धडे नवख्याला घड्याळ लावून सुरुवात शिकवतात. माझ्या मते या खेळाला दुसरे आयुष्य मिळाले ते नव्या चित्रांमुळे फारसे नाही, या दोन गोष्टींमुळे.

त्याआधी, २००६ पासून सात-आठ वर्षे मात्र खेळाडूंनीच तो जगवला, आणि हा भाग तुला ठाऊक असावा असे वाटते. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपला झोन, म्हणजे ऑनलाइन सामने जुळवणारी सेवा, बंद केला; २००९ च्या जानेवारीत खेळ घडवणारा एन्सेम्बल स्टुडिओच बंद झाला. मालक उठून गेल्यावर खेळाडू वूब्लीसारख्या इंटरनेटवरच्या ठिकाणी जमले, गुणांचे तक्ते आणि स्पर्धा त्यांनी स्वतः चालवल्या. काही चाहत्यांनी ‘फॉरगॉटन एम्पायर्स’ नावाचा मॉड, म्हणजे खेळाला चाहत्यांनी जोडलेली भर, बांधला आणि त्यात पाच नव्या संस्कृती, म्हणजे खेळाडूने निवडायची राष्ट्रे, घातल्या. आपले हत्ती-उंटांचे ‘इंडियन्स’ या खेळात आले ते त्या बिनपगारी हातांनी. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने तोच मॉड अधिकृत विस्तार म्हणून विकायला घेतला, आणि ते चाहते पुढे खेळाचे कारागीर झाले. एप्रिल २०२२ मध्ये त्या एका ‘इंडियन्स’चे हिंदुस्थानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड असे चार झाले, आणि राजेंद्र चोळाची मोहीम आली. मराठे अजून नाहीत. काळाचा हिशेब पाहता ते ठीकच आहे, हे मी मनाविरुद्ध लिहितो आहे.

२०२२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या किल्ल्यात रेड बुल वोलोलो ही या खेळाची स्पर्धा भरली, तिचे दाखले तुला पुष्कळ जण देतील. तो शिखराचा पुरावा झाला, पायथ्याचा नव्हे. त्यापेक्षा टी९० नावाने ओळखला जाणारा अमेरिकन समालोचक अगदी कच्च्या खेळाडूंच्या सामन्यांवर तितक्याच आस्थेने जी समालोचने करतो, ती पाहा. तुझ्यासारख्यांच्या चुका हजारो लोक मायेने पाहत बसतात, हे मला अधिक बोलके वाटते. भांडणे हेही एक लक्षण समज. मे २०२५ मध्ये चीनच्या तिसऱ्या शतकातली तीन राज्ये मध्ययुगाच्या या खेळात घुसवली, तेव्हा जुने खेळाडू किती चिडले! ज्या घरातले सगळे उठून गेले आहेत, तिथे भिंतीच्या रंगावरून कुणी भांडत नाही.

दोष झाकत नाही. मुद्दाम हरून खालच्या पायरीवर उतरणारे आणि तिथे नवख्यांना झोडपणारे स्मर्फ आहेत. नकाशा मनासारखा आला नाही की ऑल्ट-एफ-फोर दाबून पळणारे आहेत, आणि त्यामुळे सगळ्यांनाच पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. गप्पांत घाण बोलणारेही आहेत. त्यांचा आवाज पहिल्याच वाक्याला बंद करावा, उत्तर देऊ नये. कुणी नुसते ‘११’ लिहिले तर राग धरू नकोस. हा आकडा टाइप केला की खेळात हसण्याचा आवाज येतो, त्यावरून ती हसण्याची खूण झाली आहे.

भविष्याबद्दल हमी मागू नकोस. तरुण आणि अफाट गर्दीचा खेळही टिकतोच असे नाही, हे तुझ्या पिढीने पब्जीच्या बाबतीत पाहिलेच आहे: २ सप्टेंबर २०२० ला बंदी, २०२१ मध्ये बीजीएमआय या नावाने परत, २०२२ च्या जुलैत पुन्हा गायब, आणि २०२३ मध्ये पुन्हा हजर. आपल्या खेळाचीही आजची रांग मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर उभी आहे. उद्या त्यांनी ती मोडली तर आपल्याला पुन्हा वूब्लीच्या काळासारखे आपले आपण जमावे लागेल. तसे जमलेली माणसे अजून खेळतात, एवढेच मी सांगू शकतो.

तेव्हा महिनाभर रोज एकच सामना खेळ. संस्कृती एकच ठेव, नकाशा अरेबिया ठेव, आणि प्रत्येक सामन्यानंतर रेकॉर्डिंग लावून फक्त पहिली दहा मिनिटे पाहा. टाउन सेंटर किती वेळ रिकामे बसले तेवढेच मोज, हरलास की जिंकलास ते मोजू नकोस. रांगेतला वेळ आणि समोरच्याचे गुण वहीत लिहून ठेव. महिन्याने ती वही मला पाठव. माझे मत चुकले असेल तर त्यात दिसेल.

रविवारी रात्री दहा वाजता मी लॉबी उघडून ठेवतो. पहिली पंधरा मिनिटे मी चढाई करणार नाही. सोळाव्या मिनिटाचे वचन देत नाही.

तुझा,
दादा