रिपोर्ट नॉर्मल, तरी छातीवर दगड

"मॅडम, ईसीजी झाला, टू-डी इको झाला, स्ट्रेस टेस्ट झाली. सगळं नॉर्मल. मग छातीवर हा दगड कसला? मी नाटक करतोय का?"

पंचेचाळिशीचे गृहस्थ. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मी शरीरातल्या जाणिवांच्या आधाराने मानसोपचार करते, आणि हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. कुणाचं पोट असतं, कुणाची मान, कुणाचं डोकं. भीती मात्र तीच: तपासणीत काही सापडलं नाही, म्हणजे दुखणं खोटं.

ते खोटं नसतं, हे मी पहिल्याच भेटीत सांगितलं. आधी तपासण्या करून घेतल्यात ते फार बरं केलंत, असंही म्हटलं. छातीतलं दुखणं परस्पर मनाच्या खात्यावर टाकू नये.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा मोठा भाऊ गेला होता. ते त्यांनी बातमी वाचावी तसं सांगितलं. "तेव्हा काय वाटलं?" तर म्हणाले, "काही नाही, धावपळ होती." पुन्हा विचारलं, तर "ठीक होतो." मग मी तो प्रश्नच सोडून दिला. "आत्ता हे सांगताना अंगात कुठे काय जाणवतंय?" ते गोंधळले. जरा वेळाने हात छातीच्या मधोमध गेला. "इथे. जड. आणि थंड."

छातीत धस्स होतं, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, हे आपण रोज बोलतो. शरीरातले बदल जाणवणं हीच भावना, असं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८८४ मध्ये मांडलं. त्याचं म्हणणं आज जसंच्या तसं कुणी मानत नाही, पण शरीराला बाजूला ठेवून भावना समजत नाही हे पटलेलं आहे. फिनलंडमधल्या संशोधकांनी सुमारे ७०० जणांना कोणती भावना अंगात कुठे जाणवते ते आकृतीवर रंगवायला सांगितलं होतं. रागात छाती आणि हात पेटलेले दिसले. दुःखात हातपाय विझल्यासारखे. हृदय, फुप्फुसं, आतडी यांच्याशी मेंदूला जोडणारी व्हेगस नावाची मज्जातंतू आहे. तिच्यातले बहुतेक तंतू खालून वर, शरीराकडून मेंदूकडे निरोप नेतात. म्हणून "मनावर घेऊ नकोस" असं कितीही समजावलं तरी ते छातीपर्यंत पोचेलच असं नाही.

पहिल्या काही भेटींत आम्ही भावाच्या आठवणीला हातच लावला नाही. तळपाय जमिनीला टेकलेत का, पाठ खुर्चीला लागलीय का, खोलीत काय काय दिसतंय, एवढंच. मग थोडा वेळ छातीतलं जडपण, आणि लगेच परत तळपाय, कारण तिथे त्यांना बरं वाटायचं. शरीराच्या जाणिवांमधून आघातावर उपचार करणाऱ्या पीटर लेव्हिन यांच्या पद्धतीत हे लंबकासारखं जाणं-येणं महत्त्वाचं मानतात. घाई केली की माणूस भेदरतो. ज्यांना स्वतःच्या शरीराचीच धास्ती वाटते, त्यांना तर आत लक्ष द्यायला लावणं त्रासाचं ठरू शकतं. त्यांच्याबरोबर मी बराच काळ बाहेरच, खोलीत काय दिसतंय यावरच, थांबते.

सहाव्या भेटीत ते आयसीयूबद्दल बोलले. भावाचा हात हातात होता. "बाहेर थांबा" असं सांगितलं गेलं, म्हणून सोडला. त्यानंतर तासाभरात सगळं संपलं. हे सांगताना त्यांच्या उजव्या हाताची बोटं मिटत होती, उघडत होती. त्यांचं लक्ष नव्हतं.

"हाताला काय करायचंय?"

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "धरायचंय."

मी टॉवेलची गुंडाळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घट्ट धरली. मनगटापासून खांद्यापर्यंत थरथर चढली. मी एवढंच म्हणत होते, पाय जमिनीवर आहेत, मी इथे आहे, केव्हाही थांबता येईल. काही मिनिटांनी एक लांब श्वास सुटला. डोळे भरून आले होते. "जड आहे अजून," ते म्हणाले, "पण थंड नाही."

शरीरावर आधारलेल्या उपचारांवरचं संशोधन अजून वाढतंय. काही जुन्या, रुळलेल्या उपचारांना त्याहून भक्कम आधार आहे. हे मी त्यांना सुरुवातीलाच सांगितलं होतं. आणि दुखणं वेगळं वाटलं, घाम आला, धाप लागली, तर माझी वाट न पाहता थेट डॉक्टर, हेही ठरलं होतं.

दगड अजून येतो, पण कमी वेळ थांबतो. तो आला की त्यांचा उजवा हात आपोआप मिटतो. ते तो मिटू देतात.