गाडी रिपेअर झाली, पण तिचा भाव पडला त्याचं काय?

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि सगळ्यात आधी एकच सांगतो, त्या रिलीजवर, म्हणजे दावा सोडून दिल्याच्या कागदावर, अजून सही केली नसेल तर करू नका, बाकीचं सगळं निवांत बघू.

वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. हे गृहस्थ मूळचे नाशिकचे, आता जॉर्जियात अल्फारेटाला राहतात, अठरा वर्षं नोकरी करून २०२१ ची पोर्शे ९११ करेरा एस घेतली, तीही कर्ज काढून. पाच महिन्यांपूर्वी जीए-४०० हायवेवरून विंडवर्ड पार्कवेला उतरताना सिग्नलला थांबले होते तेव्हा मागून एकोणीस वर्षांच्या मुलाने ठोकलं. चूक पूर्ण त्याची, पोलीस रिपोर्टातही तसंच आहे. मागचा बंपर, एक्झॉस्ट, आतला क्रॅश बार गेला, डावं क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा बॉडीचा पत्रा) कापून नवीन बसवावं लागलं. रिपेअर ३४,००० डॉलर आणि रेंटल गाडी ३,२०० डॉलर, हे त्या मुलाच्या इन्शुरन्स कंपनीने भरलं. आता यांनी गाडीचा पडलेला भाव, म्हणजे डिमिनिश्ड व्हॅल्यू मागितली तर ॲडजस्टर, म्हणजे त्या कंपनीचा क्लेम बघणारा माणूस, म्हणतो ४,८०० डॉलर, "जॉर्जियाचा कायदाच हा आहे, १७सी", आणि सोबत रिलीजचा कागद पाठवलाय, सही करा चेक येईल. यांनी स्वतः नेमलेल्या अप्रेझरने, म्हणजे किंमत ठरवणाऱ्या तज्ज्ञाने, तोटा १८,६०० डॉलर काढलाय. पुण्याचे भाऊ म्हणतात, "असं काही मिळत नसतं, ४,८०० घे आणि गप्प बस."

भावाचं मनावर घेऊ नका, पण त्यांना रागावूही नका. ते तिकडच्या पॉलिसीच्या हिशोबाने बोलतायत. भारतातल्या मोटर पॉलिसीत घसारा आणि कॉन्सिक्वेन्शियल लॉस (अपघातामुळे ओघाने होणारं पुढचं नुकसान) सरळ वगळलेला असतो, त्यामुळे "गाडी नीट झाली ना, मग विषय संपला" हीच सगळ्यांना सवय असते. जॉर्जियात मात्र उलट आहे. इथल्या कोर्टांनी फार पूर्वीपासून मानलंय की दुसऱ्याच्या चुकीने तुमची वस्तू मोडली तर भरपाईत रिपेअरचा खर्च येतो, गाडी वापरता आली नाही त्याचे पैसे येतात, आणि रिपेअर होऊनसुद्धा कायमची जी किंमत पडली तीही येते, फक्त सगळं मिळून अपघाताआधीच्या किमतीपेक्षा जास्त होता कामा नये. तुमची गाडी आधी १,२०,००० ची होती, रिपेअर, रेंटल आणि पडलेला भाव मिळून ५५,८०० होतात, तेव्हा ती अडचण नाहीच.

आता त्या १७सी बद्दल बोलतो, कारण मला याचा खरंच संताप येतो, रोज कुणीतरी हे ऐकून गुपचूप सही करतं. स्टेट फार्म विरुद्ध मॅब्री नावाची केस होती, २००१ मध्ये जॉर्जियाच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की स्वतःच्या पॉलिसीखाली क्लेम करणाऱ्या ग्राहकालाही रिपेअरसोबत पडलेल्या भावाची तपासणी करून पैसे देणं कंपनीवर बंधनकारक आहे. निकाल ग्राहकाच्या बाजूचा! त्या केसमध्ये खालच्या कोर्टाच्या आदेशाचा परिच्छेद १७, उपकलम सी, त्यात हा फॉर्म्युला होता, म्हणून नाव १७सी. म्हणजे तो एका केसमधल्या, एका कंपनीच्या, स्वतःच्याच ग्राहकांच्या क्लेमसाठीचा हिशोब आहे. विधिमंडळाने केलेला कायदा नाही, तुमच्यासारख्या थर्ड पार्टी क्लेमला, म्हणजे समोरच्याच्या कंपनीकडे केलेल्या क्लेमला, तर तो मुळात लागूच नाही, आणि कोर्टात ज्युरी त्या फॉर्म्युल्याला बांधलेली नसते. ॲडजस्टरला एक ओळीची ईमेल टाका, "हा फॉर्म्युला थर्ड पार्टी क्लेमला बंधनकारक आहे असं कुठल्या कलमात लिहिलंय ते कळवा." उत्तर काय येतं बघा, आणि जे येईल ते जपून ठेवा.

४,८०० कुठून आले तेही बघा म्हणजे तुमचा तुम्हालाच धीर येईल. गाडीची किंमत १,२०,०००, त्याचे १० टक्के १२,०००, याच्यावर कितीही नुकसान झालं तरी जायचंच नाही, हे आधीच ठरलेलं. मग डॅमेजचा गुणक, त्यांनी मध्यम म्हणून ०.५० धरला, झाले ६,०००. मग मायलेजचा गुणक, २०,००० मैलांच्या आत असतं तर १, पुढे गेलं की ०.८०, तुमची २१,४०० चालली आहे, म्हणून ४,८००. म्हणजे चौदाशे मैल जास्त चालली म्हणून १,२०० डॉलर गेले. आणि गंमत म्हणून नाही, खरंच विचारतो, १,२०,००० ही किंमत काढताना २१,४०० मैल धरलेच होते ना? मग तेच मैल दुसऱ्यांदा कसे कापले? आणि तो दहा टक्क्यांचा आकडा कुठल्या बाजारातून आला हे कुणीच सांगत नाही.

तुमच्या गाडीच्या बाबतीत तर हे फारच चुकीचं बसतं. रोजच्या वापराच्या सेडानला गिऱ्हाईक भरपूर, थोडा डाग असला तरी भाव करून कुणीतरी घेतंच. ९११ घेणारा माणूस वेगळा असतो, तो आधी कारफॅक्स, म्हणजे गाडीच्या अपघातांचा इतिहास दाखवणारा रिपोर्ट, काढतो, मग प्री-परचेस इन्स्पेक्शन करतो, पेंटची जाडी मोजायचं मीटर घेऊन पॅनल-पॅनल फिरतो, आणि शेजारी तशीच स्वच्छ गाडी उभी असेल तर कापून बसवलेलं क्वार्टर पॅनल तो घेईलच कशाला. घेतलं तर भाव पाडूनच घेणार. त्यातून या मॉडेलची बाहेरची बॉडी बरीचशी ॲल्युमिनियमची, तिचं काम नेहमीच्या स्टीलसारखं नुसतं वेल्डिंग मारून होत नाही, त्यामुळे काम कुणी आणि कसं केलं हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाईक विचारणारच.

ॲडजस्टर तुम्हाला असंही म्हणाला ना, की आधी गाडी विका, तोटा झाला तर मग दाखवा? चूक आहे. तोटा ठोकल्या क्षणी झाला, विकायची गरज नाही, आयुष्यभर ठेवली तरी हक्क तसाच राहतो. आणि कर्ज असलं तरी टायटलवर मालक तुम्ही आहात, क्लेम तुमचाच. (गाडी लीजवर असती तर गोष्ट वेगळी होती, तिथे मालक लीजिंग कंपनी असते आणि मग आधी करार वाचावा लागतो.)

पण अप्रेझरचा रिपोर्ट पाठवला की काम झालं असं समजू नका. तुम्ही पाठवलेला रिपोर्ट मी पाहिला, त्यात आकडा आहे पण आधार कमी आहे, एका पानावर "माझ्या अनुभवानुसार" असं लिहिलंय, समोरचा वकील पाच मिनिटांत उडवेल. अप्रेझरला सांगा की त्याच वर्षाच्या, साधारण तेवढ्याच मैलांच्या, अपघात झालेल्या आणि न झालेल्या गाड्या खरंच कितीला गेल्या ते जोडा. शिवाय तुम्ही स्वतः दोन-तीन डीलरकडे गाडी घेऊन जा, कारफॅक्स समोर ठेवा आणि "ट्रेड-इनला (जुनी गाडी देऊन नवी घेताना) आत्ता किती द्याल, आणि अपघात नसता तर किती दिले असते" हे लेटरहेडवर लेखी मागा. काही जण नाही म्हणतील, एकाने जरी दिलं तरी तो कागद फार वजनदार असतो, कारण तो खरेदी करणाऱ्याचा शब्द आहे, भाड्याने आणलेल्या तज्ज्ञाचा नाही. बॉडी शॉपकडून फायनल बिल सप्लिमेंटसकट, म्हणजे नंतर वाढलेल्या कामासकट, घ्या (पहिलं एस्टिमेट नेहमी कमी असतं, तेच ॲडजस्टर पुढे करतो), कामाच्या दरम्यानचे फोटो आणि फ्रेम मोजल्याचे, अलाइनमेंटचे कागद घ्या, आणि अपघाताआधीचे सगळे सर्व्हिस रेकॉर्ड. आणि एक विचारतो, रागावू नका, गाडी कधी ट्रॅकवर नेली होती का, किंवा एक्झॉस्ट वगैरे बदललं होतं का? स्पोर्ट्स कार म्हटलं की समोरची बाजू हे विचारणारच, असेल तर तुमच्या वकिलाला आधीच सांगा, लपवून ठेवलेली छोटी गोष्ट नंतर फार मोठी होते.

आता पैशाची खरी मर्यादा. जॉर्जियात कायद्याने दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानासाठी किमान २५,००० डॉलरची पॉलिसी लागते, म्हणजे तेवढीच असती तर रिपेअरलाच पुरली नसती. या मुलाच्या घरच्यांची ५०,००० ची आहे असं ॲडजस्टर फोनवर म्हणाला, तर ते लेखी घ्या. कंपनीला सर्टिफाइड मेलने (पोचपावतीच्या टपालाने) लिमिट, म्हणजे पॉलिसीची कमाल रक्कम, विचारलं की ६० दिवसांत शपथेवर उत्तर द्यायचं बंधन आहे. ५०,००० धरले तर ३७,२०० गेले, उरले १२,८००. तुमचा तोटा १८,६००. मग ५,८०० चं काय?

तर माझं मत असं. डिमांड लेटर, म्हणजे समोरच्या कंपनीला मागणीचं पत्र, लिहा १२,८०० चं, पूर्ण १८,६०० चं नाही. कारण सांगतो. जॉर्जियाच्या इन्शुरन्स कायद्यात कलम ३३-४-७ आहे, चूक स्पष्ट असताना समोरच्याची कंपनी मालमत्तेचा क्लेम वाईट हेतूने अडवून बसली तर तुम्हाला तिच्याकडून देय रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत किंवा ५,००० डॉलर, यातलं जे जास्त असेल तेवढा दंड आणि वकिलाची फी मागता येते. पण त्यासाठी खटला भरायच्या किमान ६० दिवस आधी ठरावीक आकड्याचं पत्र सर्टिफाइड मेलने किंवा कायद्याने मान्य केलेल्या ओव्हरनाइट डिलिव्हरीने गेलेलं असलं पाहिजे, आणि शेवटी कोर्टाने दिलेली रक्कम तुमच्या मागणीइतकी किंवा त्याहून जास्त निघाली पाहिजे. तुम्ही पत्रात १८,६०० मागितले आणि ज्युरीने १५,००० दिले तर तुम्ही जिंकूनही हे हत्यार हातातून गेलं. १२,८०० मागितले, तेही लिमिटच्या आत, आणि निकाल त्याच्यावर गेला तर कंपनी अडचणीत. त्यांच्या वकिलाला हे नीट कळतं, म्हणूनच असं पत्र गेलं की बहुतेक वेळा फाइल वरच्या माणसाकडे जाते आणि बोलण्याचा सूर बदलतो.

उरलेल्या ५,८०० साठी तुमच्या स्वतःच्या पॉलिसीकडे बघा. तुम्ही डिक्लेरेशन पेजचा (कव्हर आणि रकमा लिहिलेल्या पानाचा) फोटो पाठवलात ते फार बरं केलं, त्यात अनइन्शुअर्ड मोटरिस्टखाली, म्हणजे समोरच्याचा इन्शुरन्स नसेल किंवा कमी पडेल तेव्हाच्या कव्हरखाली, मालमत्तेचं २५,००० चं कव्हर आहे, ॲड-ऑन प्रकारचं, डिडक्टिबल ५०० डॉलर. समोरच्याची पॉलिसी अपुरी पडली तर हे वरून लागू होतं. बरेच लोक समजतात की समोरच्याकडे इन्शुरन्स असला की हे कव्हर वापरता येत नाही, तसं नाहीये. फक्त तुमच्या कंपनीला आजच लेखी कळवा की असा क्लेम येऊ शकतो, पाच महिने आधीच गेलेत, "उशिरा कळवलं" हे कारण त्यांना मिळू देऊ नका.

आणि इथेच तो रिलीजचा कागद येतो. तुम्ही पाठवलेल्या कागदात दुसऱ्या परिच्छेदात लिहिलंय की या अपघातातून निघणारे "सर्व" दावे, ज्ञात आणि अज्ञात, कायमचे सोडले. त्यावर ४,८०० साठी सही केली तर त्या मुलाविरुद्धचा हक्क संपला, आणि तो संपला की तुमची स्वतःची कंपनीही म्हणेल आम्ही आता कशाचे देणं लागतो. तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, सहज लिहावं तसं लिहिलंय की बायकोची मान अजून दुखते आणि ती फिजिओथेरपीला जाते. अहो, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे! त्या कागदाने तिचाही हक्क अडचणीत येऊ शकतो, कारण खाली दोघांच्या सहीची जागा आहे. गाडीचा क्लेम आणि शरीराच्या दुखापतीचा क्लेम इथे वेगळे चालवता येतात, त्यांना तसेच वेगळे ठेवा. आणि मुदतही वेगळी, गाडीसाठी चार वर्षं, दुखापतीसाठी फक्त दोन. वहिनींना डॉक्टरकडच्या सगळ्या भेटी, बिलं, कामावरच्या सुट्ट्या आजपासून एका वहीत लिहून ठेवायला सांगा, आणि त्यांनी तर कशावरच सही करायची नाही.

सही करायची वेळ आलीच तर जॉर्जियात लिमिटेड रिलीज नावाचा प्रकार आहे, त्याच्यासाठी वेगळं कलमच आहे, त्यात समोरच्याच्या कंपनीकडून लिमिटपर्यंत पैसे घेऊन त्या माणसाला वैयक्तिक पातळीवर मोकळं करता येतं, पण तुमच्या स्वतःच्या अनइन्शुअर्ड मोटरिस्ट कव्हरचा रस्ता उघडा राहतो. तसा कागद, फक्त मालमत्तेपुरता असं स्पष्ट लिहून, तुमच्या बाजूच्या वकिलाकडून करून घ्या, त्यांनी पाठवलेला छापील नमुना खाडाखोड करून वापरू नका.

कोर्टात जायची वेळ आली तर इन्शुरन्स कंपनीवर थेट केस करता येत नाही, त्या मुलावर करावी लागते, तो कमिंगला राहतो म्हणजे फोरसाइथ काउंटीत. मॅजिस्ट्रेट कोर्टात १५,००० डॉलरपर्यंतच जाता येतं, वकिलाशिवायही चालतं, पण कोर्टात तुम्हाला पूर्ण १८,६०० मागायचेत (१२,८०० फक्त डिमांड लेटरपुरते) आणि स्वतःच्या पॉलिसीवरही जायचंय तर स्टेट कोर्टात जा, आणि केसचे कागद तुमच्या कंपनीलाही रीतसर बजावायला विसरू नका.

तुम्ही विचारलंत की त्या मुलाच्या खिशातून पैसे काढावे लागले तर बरं वाटणार नाही, तो रस्त्यावर रडत होता. मला तुमचं हे वाक्य फार आवडलं. वर सांगितलेल्या मार्गाने गेलात तर केसवर त्याचं नाव असेल, पण पैसे दोन कंपन्यांकडून येतील, ज्यांनी त्यासाठीच वर्षानुवर्षं प्रीमियम घेतलाय. तसं त्याच्या आईवडिलांना फोन करून सांगितलंत तरी चालेल, मात्र रकमेबद्दल काही बोलू नका.

पूर्ण १८,६०० हातात पडतीलच असं मी म्हणणार नाही, अप्रेझरच्या आकड्यातून थोडं खाली यावं लागतंच. पण ४,८०० वर थांबू नका. या आठवड्यात स्वतःच्या कंपनीला पत्र आणि समोरच्या कंपनीला लिमिट विचारणारं सर्टिफाइड मेल, एवढी दोन कामं करा, अप्रेझरचा सुधारलेला रिपोर्ट आला की डिमांड लेटरचा मसुदा मला पाठवा, पाठवण्याआधी एकदा नजर घालतो.